अकरा गुट्या

रविवारी जेवणं आटोपल्यावर महानंदानं शेवाळाची बादली अंगणात आणून ठेवली. शेवाळ सकाळपासून भिजत होतं. तिनं मूठभर गोळा उचलला, दोन्ही तळव्यांत दाबून पिळला, पुन्हा पिळला आणि थेंब पडायचा थांबला तेव्हा परातीत ठेवला. असे अकरा गोळे केले. मग लोखंडी स्टूल पपनसाखाली ओढून त्याचे चारही पाय मातीत नीट बसेपर्यंत हलवून पाहिले.

झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत अप्पा बसले होते. तिचे वडील, एकोणऐंशी वर्षांचे गुंडूराव. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, आणि दोन्ही हात मांड्यांच्या मध्ये दाबून धरलेले. तसे धरले की थरथर कमी दिसायची.

"आभाळ बघ," अप्पा म्हणाले. "स्वल्प घाई कर."

"करते की."

"घाई म्हणजे घिसाडघाई नव्हे. मुळं फुटायची पावडर धुऊन गेली तर दोन महिने फुकट."

जुलैचं होसकोटे, बंगळुराच्या वेशीबाहेर. आभाळ आठवडाभर खाली उतरून बसलेलं, ना धड पाऊस ना ऊन. कुंपणापलीकडं एक नाचणीचं शेत अजून तग धरून होतं, त्याच्या पलीकडं कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. लॉऱ्या गेल्या की पपनसाची पानं हलायची. गुंडूरावांनी हे झाड लावलं तेव्हा इथं रस्तासुद्धा नव्हता. चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानातून रविवारी बसनं यायचं, झाडाला पाणी घालायचं आणि संध्याकाळी परत जायचं, असं त्यांनी चार वर्षं केलं आणि मग घर बांधलं. शेजारी याला चक्कोता म्हणत. फळ फोडलं की आत गुलाबी फोडी निघायच्या, रसानं भरलेल्या आणि कडूपणाचं नाव नाही. गौरी-गणपतीला बंगळुरातल्या त्यांच्या समाजाच्या निम्म्या घरांत आरास व्हायची ती याच झाडाच्या फळांनी.

महानंदा स्टुलावर चढली. करंगळीएवढी जाड, उजेडात वाढलेली फांदी निवडली. तिच्यावरची वीतभर पानं काढून टाकली. सुरीनं फांदीभोवती एक गोल काप घेतला, खाली इंचभर अंतरावर दुसरा, दोन्ही जोडणारा उभा काप, आणि नखानं साल उचकटली. साल अंगठीसारखी निघून आली. आतलं लाकूड पांढरं, ओलं, बुळबुळीत.

"खरवड," खालून अप्पा.

"खरवडतेच आहे."

"तो पापुद्रा राहिला की झाड जखम भरून काढतं. मुळं कशाला धरेल? अजून खरवड. कीव करू नकोस."

तिनं सुरीची पाठ लावून लाकूड कोरडं लागेपर्यंत खरवडलं. पावडर लावली, शेवाळाचा गोळा भोवती बसवला, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट गुंडाळला, वर आणि खाली सुतळी आवळली. एक गुटी झाली. फांदी झाडावरच राहायची, झाडाचंच खायची, आणि पन्नासएक दिवसांनी त्या पुडीच्या आतून पांढरी मुळं प्लॅस्टिकला येऊन टेकायची. मग खालून कापायची, पिशवीत लावायची. त्याआधी नाही.

पपनसाला काटे असतात. दुसऱ्या गुटीपर्यंत तिच्या मनगटावर लाल रेघ उठली, चौथीपर्यंत कोपरापासून तीन. कॉलेजच्या ग्रंथालयात, जिथं ती बावीस वर्षं नोकरी करत होती, दर पावसाळ्यात कुणीतरी विचारायचं, "मॅडम, मांजर पाळलंय का?" ती हो म्हणायची.

सातवी गुटी अर्धी झाली होती तेव्हा फाटकाची कडी वाजली.

अप्पांनी वर न बघता हात पुढं केला. महानंदानं सुरी त्यांच्या हातात दिली, स्टुलावरून उतरली आणि प्लॅस्टिकचा तुकडा धरून बाजूला उभी राहिली. यात कुणालाच काही बोलावं लागलं नाही. बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

"काय गुंडूराव, ऑपरेशन चाललंय वाटतं!" समाजाचे चिटणीस श्रीकांतराव छत्री मिटत आत आले.

"डॉक्टर म्हातारा झाला, पेशंट मात्र तेवढेच."

"आणि ही नर्स?"

"ही प्लॅस्टिक धरते," अप्पा म्हणाले. दोघं हसले. महानंदा कॉफी करायला आत गेली.

कॉफी तिनं अप्पांना स्टीलच्या पेल्यात दिली, अर्धीच. तरी तोंडापर्यंत जाता जाता ती धोतरावर सांडली. श्रीकांतरावांनी त्या वेळी झाडाकडं मान वळवली आणि पेला खाली ठेवला जाईपर्यंत तिकडंच बघत राहिले.

"बनशंकरीला मुलीनं घर घेतलंय," ते म्हणाले. "गृहप्रवेशाला एक गुटी पाहिजे. आणि एक समाजाच्या हॉलमागं लावू. पण तुमच्या हातची हं. नर्सरीतली नको. नर्सरीतली दोन लावली, दोन्ही गेली."

"माझी एक गेली तर सांगा," अप्पा म्हणाले.

"म्हणून तर आलो."

श्रीकांतराव गेले. अप्पांनी सुरी परत दिली. "श्रीकांतच्या दोन. लक्षात ठेव."

"सरी," महानंदा म्हणाली. 'बरं'ला ती कानडी 'सरी'च म्हणायची.

बारा वर्षांपूर्वी असाच जुलै होता. अप्पांच्या हाताला कंप नुकता सुरू झालेला. समाजाच्या अध्यक्षांच्या घरी लग्न, नवरीबरोबर पाठवायला तीन गुट्या कबूल केलेल्या, आणि अप्पांनी तीन फांद्या ओळीनं मोडल्या. चौथ्यांदा सुरी त्यांच्याच अंगठ्यात गेली. ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दुपारी तिनं तिन्ही बांधल्या. तिन्ही लागल्या. अध्यक्ष घरी येऊन अप्पांच्या पाठीवर थाप मारून गेले आणि अप्पांनी ती थाप घेतली. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. बापाची लाज झाकली, एवढंच. पुढच्या वर्षी त्यांनी खुर्ची झाडाखाली मांडली आणि आतल्या आवाजात म्हणाले, "चढ."

तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. लग्नाचं बोलणं घरात थांबलं होतं. आता शेहेचाळीस.

अकरावी गुटी बांधून झाली तेव्हा साडेपाच वाजले होते. अप्पा खुर्चीतून उठले, तिच्या खांद्याला धरून झाडाजवळ आले आणि ती अकरावी पुडी बराच वेळ बघत राहिले. आवळलेली सुतळी बघितली, प्लॅस्टिकची घडी बघितली. महानंदा शेवाळाचे हात तसेच धरून उभी होती.

"परात घासून ठेव," अप्पा म्हणाले. "गंजेल."

सोमवारी सकाळी सात वाजता ती दूध घेऊन आली तर अप्पा ओसरीत, पेपरवर, उजव्या कुशीवर पडलेले. चष्मा काढून नीट बाजूला ठेवलेला. आई आतून म्हणत होती, "अहो, कॉफी निवतेय." रिक्षा मिळाली, दवाखाना गाठला, पण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून लगेच काढला. परत येताना त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. हात अगदी स्थिर होते. तिनं ते पहिल्यांदाच इतके स्थिर पाहिले.

धाकटा भाऊ प्रदीपकुमार व्हाइटफील्डहून दहापर्यंत आला. त्याची बायको मेघाश्री मुलांना घेऊन दुपारी. चिकपेटेहून कौशल्याआत्या आली ती फाटकापासूनच आकांत करत, "माझा भाऊ गेला गं, सोन्यासारखा हात गेला!" मग समाजातली माणसं. जो तो अंगणात आला की झाडाकडं बघायचा, पांढऱ्या पुड्या मोजायचा, आणि म्हणायचा, "काल बांधल्या? काल? शेवटच्या दिवसापर्यंत काम करत गेला माणूस."

महानंदा पाण्याचे पेले भरून देत होती. तिच्या दोन्ही हातांवर कालचे ओरखडे ताजे होते. कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवसानंतर घर शांत झालं आणि कामं सुरू झाली. दाखला, बँकेचे कागद, भटजी, दहाव्याची जागा, तेराव्याचा स्वयंपाकी. महानंदा सकाळी पाचला उठायची. आधी झाडाखाली जायची. एका पुडीला मुंग्या लागल्या होत्या, तिथं हळद लावली. एक कावळ्यानं टोचली होती, तिच्यावर दुसरं प्लॅस्टिक चढवलं. मग आंघोळ, मग चूल. आईला बसवून दोन घास भरवायचे. प्रदीप सुट्टी घेऊन राहिला होता. तो मुंडण केलेल्या डोक्यावर हात फिरवत फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारायचा, आणि दर फेरीला पपनसाजवळ येऊन पावलं मोजायचा.

सातव्या दिवशी त्यानं ओसरीवर तिच्या पुढ्यात एक कागद ठेवला.

"अक्का, यावर सही लागेल तुझी. आईनं अंगठा दिलाय."

"कशावर?"

"सहा खोल्या बांधायच्यात. खाली तीन, वर तीन. कारखान्यातली पोरं रांग लावतील. तुलाच होईल, मला काय, मी तिकडं."

"कुठं बांधणार?"

त्यानं मान हलवून अंगण दाखवलं. "दुसरी जागा कुठं आहे?"

"आणि झाड?"

"अक्का," प्रदीप म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, तिला समजूत घालायची तयारी करून आल्यासारखा. "अप्पांशी माझं बोलणं झालं होतं. पाडव्याला आलो होतो तेव्हा. मी म्हटलं, झाडाचं काय करायचं? ते म्हणाले, माझा हात आहे तोवर राहू दे. माझ्यामागं गुट्या कोण करणार आहे? पुढं तू बघ तुझं."

महानंदानं कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"असं म्हणाले?"

"खोटं कशाला सांगू? आईला विचार."

ती आत गेली. शकुंतलाबाई चुलीपाशी पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"आई, माझ्यामागं गुट्या कोण करणार, असं अप्पा म्हणाले?"

शकुंतलाबाईंनी ताट हलवलं. खडा सापडला, तो चिमटीत धरून बाजूला ठेवला.

"तू होतीस का तिथं?" महानंदानं विचारलं.

"इथंच होते. ऐकलं."

"आणि काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"काय बोलायचं होतं?" महानंदाचा आवाज चढला नाही. चढवायची सवयच नव्हती. "गेली बारा वर्षं स्टुलावर कोण चढतं, ते तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक नाही?" आईनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुझ्या हातांना खोबरेल कोण लावत होतं दर वर्षी? पण नंदा, माणसाकडं शेवटी तेवढंच राहिलं होतं गं. दुकान गेलं, चालणं गेलं, कप धरता येईना. लोक येत होते ते त्या झाडासाठी. तेवढं नाव त्यांना राहू दिलं आपण. आता गेलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणायचं का?"

"मी कुठं आणतेय?"

"मग झालं तर. सही करून टाक."

महानंदा परसात गेली आणि तिनं कपडे धुवायला घेतले. अप्पांचं धोतर होतं, कॉफीचा डाग पडलेलं. दगडावर तिनं ते इतकं आपटलं की काठ फाटला. तिनं अनेक पुस्तकं वाचली होती, माणसं मेल्यावर मागं राहिलेली काय करतात ते त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत होतं. आठवण काढतात, रडतात, क्षमा करतात. तिला रडू येत नव्हतं. जबडा दुखत होता. म्हणजे त्यांनी नुसती शाबासकी घेतली नव्हती. स्वतःच्या त्या खोट्या हाताबरोबर झाडसुद्धा न्यायला सांगितलं होतं. इतकी वर्षं ती खुर्चीशेजारी उभी असताना, तिच्या हातची सुरी मांडीवर घेऊन.

कागदावर तिनं सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. कपाटात, साड्यांखाली ठेवून दिला.

दहाव्या दिवसानंतर प्रदीपनं झाड तोडणारा माणूस आणला. देवाप्पा नाव, निपाणीकडचा, पन्नाशीचा, खांद्यावर दोर. तो झाडाभोवती फिरला, बुंध्यावर तळवा ठेवला, आणि वर बघून थांबला.

"साहेब, ह्या पुड्या कसल्या? गुट्या हैत न्हवं?"

"हो. त्या आधी काढून घेऊ."

"किती दिस झाले बांधून?"

"दहा-अकरा," महानंदा म्हणाली.

देवाप्पानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं. "अक्का, मग आत काय बी न्हाई. चाळीस-पन्नास दिस तरी हात लावू नगासा. आमच्याकडं डाळिंबाच्या करत्यात. कवळी काढली की वाळून जाती."

"तू तोडायचं काय घेणार, ते सांग," प्रदीप म्हणाला.

"तोडायचं सांगतो की. पर गुट्या वाया जातील म्हणून म्हटलं."

"सोमवारी ये."

देवाप्पा गेल्यावर महानंदा म्हणाली, "प्रदीप, सप्टेंबरपर्यंत थांब. पन्नास दिवस. मग मी त्या काढून देते, पिशवीत लावून देते, मग बघू."

"पन्नास दिवस कंत्राटदार थांबेल का? अक्का, तेराव्याला सगळे येणार आहेत. श्रीकांतकाका म्हणत होते, अप्पांच्या हातची शेवटची आठवण म्हणून एकेक गुटी देऊ. किती छान होईल बघ. सगळ्यांच्या दारात अप्पा."

"त्यांना मुळं नाहीत रे."

"अप्पांच्या हातची गुटी कधी वाया गेलीय? एक तरी?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. तिनं खाली वाकून शेवाळाचा एक वाळलेला तुकडा उचलला आणि आत गेली.

तेराव्याला शनिवार होता. अंगणात निळ्या पत्र्याचा मांडव घातला होता, पत्र्याच्या कडेवरून पपनसाच्या फांद्या बाहेर आल्या होत्या. साठ पानं उठली. पुरणपोळी, आंबट-गोड भात, कोशिंबीर. महानंदा वाढत होती. भुरभुर पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळं सगळे मोठ्यानं बोलत होते. ओसरीत अप्पांचा फोटो, हार घातलेला. फोटोत त्यांच्या मांडीवर एक पपनस होतं आणि हात त्याच्या मागं झाकलेले.

विडे वाटून झाल्यावर श्रीकांतराव उभे राहिले.

"गुंडूराव काय होते ते मी सांगायला नको. बंगळुरात आपल्या समाजाची घरं किती विखुरली! कोण बनशंकरीला, कोण व्हाइटफील्डला. पण गौरीला सगळ्यांच्या घरी फळ एका झाडाचं. ते कुणामुळं? हात लागतो त्याला. असा हात पुन्हा होणे नाही. आदल्या दिवशी, आदल्या दिवशी मी स्वतः इथं होतो. सुरी त्यांच्या हातात होती. ह्या डोळ्यांनी बघितलं. त्या शेवटच्या अकरा गुट्या आज प्रसाद म्हणून न्यायच्या. आयतु, झालं, एवढंच सांगतो."

पदर डोळ्यांना लागले. प्रदीप कात्री घेऊन स्टुलावर चढला. खाली माणसं गोळा झाली.

"मला ती कोपऱ्यातली दे रे, जाड आहे," कौशल्याआत्या म्हणाली.

महानंदा हातातलं भांडं ठेवून पुढं गेली. "आत्या, आत्ता नेऊ नका. मुळं फुटली नाहीत. महिन्याभरानं मी स्वतः आणून देईन."

"महिन्यानं झाड कुठं असणार आहे?"

"तेच म्हणते. झाड राहू दे."

"बघा आता," आत्या बाजूच्या बाईला म्हणाली, "पुस्तकं सांभाळणारी आम्हाला झाडं शिकवते. अगं नंदे, तू आपली प्लॅस्टिक धरणारी. दादाचा हात होता तो. त्यानं बांधलीय ना, लागणारच."

दोन-तीन जण हसले. वाईट हेतूनं नव्हे, बऱ्याच दिवसांनी हसायला मिळालं म्हणून.

कच. पहिली फांदी खाली आली. आत्यानं ती पदरात घेतली. कच. दुसरी श्रीकांतरावांनी, तिसरी त्यांच्या मुलीनं, गृहप्रवेशाची म्हणून. माणसं ती पांढरी पुडी कपाळाला लावत होती. चौथी मेघाश्रीनं मुलाच्या हातात दिली, "आजोबा आहेत हं त्यात, पाडू नकोस." पाचवी तोडताना प्रदीपला काटा लागला, तो "स्स" म्हणाला आणि लगेच तीन बायका "लागलं का रे?" म्हणून पुढं झाल्या.

महानंदा ओसरीच्या खांबाशी उभी होती. आई तिच्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं महानंदाचं कोपर धरलं. जोरात. "आज नको," आई पुटपुटली. "सगळे आहेत. आज तरी नको."

"सगळे आहेत म्हणूनच," महानंदा म्हणाली, आणि कोपर सोडवून घेतलं.

ती आत्यापाशी गेली. "आत्या, द्या जरा."

"का?"

तिनं आत्याच्या पदरातली फांदी घेतली, सुतळी दातांनी तोडली, प्लॅस्टिक उलगडलं. शेवाळ ओलं होतं, घट्ट. ते तिनं बोटांनी सोडवून खाली टाकलं. आत इंचभर उघडं लाकूड होतं. वरच्या कडेला सालीचा जरासा फुगवटा आला होता. बाकी काही नाही.

"मोडलीस!" आत्या ओरडली. "दादाची शेवटची..."

"बघा," महानंदा म्हणाली. फांदी तिनं सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "मूळ कुठं आहे? दाखवा. तेरा दिवसांची आहे. गाडीच्या डिकीत घालून न्याल, कुंडीत लावाल, आठवड्यात पानं गळतील. मग म्हणाल, अप्पा गेले म्हणून झाडही गेलं. झाड तुम्ही मारताय. प्रदीप, उतर खाली."

"अक्का, सगळे बघतायत."

"उतर म्हटलं ना."

तो उतरला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिला आपला आवाज ओळखीचा वाटेना, पण तो थांबत नव्हता, आणि तिलाही तो थांबायला नको होता.

"ही अप्पांनी बांधलेली नाही. मी बांधलीय. अकराच्या अकरा मी बांधल्यात. श्रीकांतकाका, तुमच्या दारातली आठ वर्षांपूर्वीची मी बांधलीय. आत्या, चिकपेटेत मोरीशेजारी जे झाड आहे, ज्याचं फळ तुम्ही दर वर्षी दादाचं म्हणून वाटता, ते माझं. बारा वर्षांत या घरातून गेलेली एकही गुटी त्यांच्या हातची नव्हती."

"काय बोलतेस!" श्रीकांतराव म्हणाले. "मी स्वतः सुरी बघितली..."

"सुरी बघितलीत. आणि कॉफी सांडली तेव्हा मान वळवलीत. काका, तुम्ही सगळ्यांनीच वळवलीत. ज्या माणसाला पेला तोंडापर्यंत नेता येत नाही तो फांदीची साल अंगठीसारखी काढतो, हे तुम्हाला खरं वाटलं? की मला विचारण्यापेक्षा ते सोपं होतं?"

मेघाश्रीनं मुलाच्या हातातली पुडी काढून घेतली आणि कुठं ठेवावी ते न कळून धरून राहिली.

"सहा अजून झाडावर आहेत," महानंदा म्हणाली. "त्या तिथंच राहतील. सोमवारी देवाप्पाला येऊ नको म्हणून सांग, प्रदीप. त्या कागदावर मी सही करणार नाही. झाड पाडायचं कारण काय, तर करणारा हात गेला. तो गेला नाही. तो इथं पानं वाढत होता सकाळपासून."

"नंदा," ओसरीतून आईचा आवाज आला, "पुरे कर गं. त्यांना काय वाटेल!"

महानंदानं वळून ओसरीकडं बघितलं. आईच्या शेजारी फोटो होता, हार किंचित सरकलेला.

"काय वाटेल? मला काय वाटत होतं, ते कधी कुणी विचारलं? त्यांनी विचारलं? ते एकटे असतानासुद्धा म्हणाले नाहीत, नंदा, हे तुझं काम आहे. कुणी ऐकायला नव्हतं, फाटक बंद होतं, तेव्हासुद्धा नाही. उलट याला सांगून गेले की माझ्यामागं कुणी नाही. मी शेजारी उभी असायचे. आई, मला त्यांची आठवण येते असं सगळ्यांना वाटतंय. येतही असेल. पण तेरा दिवस मला झोप लागत नाही ती रागानं. मी त्यांच्यावर रागावलेय. ते जिवंत असतानाही मी रागावलेच होते, रोज, आणि सरी म्हणत होते. आता म्हणणार नाही. ते गेले, तरी मला त्यांचा राग येतो."